रिकामी मतपत्रिका कुणी वाचत नाही

मेलबर्नच्या पश्चिमेला विंडम व्हेलमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देते. वय पन्नाशीच्या आसपास, मूळचे सांगलीकडचे, आयटीत नोकरी. स्किल्ड व्हिसावर आले, पुढे ऑस्ट्रेलियाचे नागरिक झाले. वडील गेल्यापासून ७६ वर्षांची आई गावी एकटी आहे आणि बहीण पुण्यात. आईसाठी २०२१ साली कॉन्ट्रिब्युटरी पेरेंट व्हिसाचा (जास्त शुल्क भरून आई-वडिलांना कायमचं आणण्याचा) अर्ज भरला, तो अजून रांगेतच आहे. कामाला जायची रोजची रेल्वेगाडी डिझेलवर चालते आणि ती जिलाँगकडूनच भरून येते. डॉक्टरकडे गेलं की मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, वगळून खिशातले पैसे जातात. घराचे हप्ते वाढले. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले आणि दहावीतल्या मुलीने विचारलं, “बाबा, हे आपल्याबद्दल आहे का?” पत्नीचं म्हणणं, आपण पाहुणे, आपण कशाला बोलायचं? यांनी रागाने फेब्रुवारी २०२५ मधल्या राज्याच्या पोटनिवडणुकीत कोरी मतपत्रिका टाकली आणि मे महिन्यातल्या केंद्रीय निवडणुकीतही तेच केलं. ते विचारतात, “सगळे पक्ष सारखेच. हे सरकार आमचं ऐकतच नाही. राजकारणाचा नाद सोडावा, की गाशा गुंडाळून परत यावं?”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूने वाचलं आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जिथे जिथे ‘सरकार’ हा शब्द आला, तिथे खूण केली आणि शेजारी लिहिलं, कुठलं?

गाडीचं सरकार स्प्रिंग स्ट्रीटवर बसतं, म्हणजे व्हिक्टोरियाचं राज्य सरकार. विंडम व्हेलपर्यंत विजेची मेट्रो नेण्याचं आश्वासन २०१८ च्या राज्य निवडणुकीआधी दिलं गेलं होतं. २०१५ साली तुमचं स्टेशन सुरू झालं तेव्हापासून तिथे व्ही-लाइनच्या, म्हणजे राज्याच्या लांब पल्ल्याच्या रेल्वेच्या, त्याच डिझेल गाड्या येतात. हा राग शंभर टक्के खरा आहे, पण तो तुम्ही मे महिन्यात कॅनबेराच्या, म्हणजे केंद्राच्या, निवडणुकीत काढलात. तिथल्या कुठल्याही खासदाराच्या हातात तुमच्या गाडीचं वेळापत्रक नाही. व्हिसाचं सरकार मात्र कॅनबेरातच आहे. डॉक्टरच्या फीचं सरकारही तेच, पण अर्धंच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बल्क बिलिंगचा, म्हणजे रुग्णाकडून पैसे न घेता थेट मेडिकेअरकडून फी घेण्याचा, वाढीव मोबदला मेडिकेअर असलेल्या सगळ्या रुग्णांसाठी लागू झाला. तरी तो घ्यायचा की फी आकारायची, हे ठरवतं तुमचं क्लिनिक. तेव्हा आधी क्लिनिकला विचारा, नाही म्हणाले तर दोन-चार क्लिनिकं बदलून बघा. घराच्या हप्त्यामागे रिझर्व्ह बँक आहे आणि तिचे व्याजदर मंत्री ठरवत नाहीत. कचऱ्याचा डबा, गल्लीतला खड्डा, शेजाऱ्याचं वाढीव बांधकाम या गोष्टी काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या.

हे नागरिकशास्त्र तुम्हाला ठाऊक आहे, नागरिकत्वाची परीक्षा तुम्ही पास झाला आहात. पण माणूस चिडला की ही सगळी दारं एकाच भिंतीसारखी दिसायला लागतात, आणि भिंतीशी कोण बोलणार? म्हणून पहिली विनंती अशी, की पुढचा महिनाभर ‘सरकार’ हा शब्द वापरू नका. गाडी चुकली तर म्हणा, राज्याच्या वाहतूक मंत्र्यांमुळे चुकली. बोलायला विचित्र वाटेल, पण तक्रारीवर पत्ता येईल.

आता कोऱ्या मतपत्रिकेकडे येते, कारण मला सर्वात जास्त हळहळ तिची वाटली.

तुम्ही लिहिता, “माझा मतदारसंघ पिढ्यान्‌पिढ्या लेबर पक्षाचा, माझ्या एका मताने काय होणार?” ती फेब्रुवारीतली निवडणूक आठवून बघा. राज्याचे ट्रेझरर, म्हणजे अर्थमंत्री, टिम पॅलस यांनी राजीनामा दिला आणि तुमच्या वेरिबी मतदारसंघाची जागा रिकामी झाली. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या त्या जागेवर लेबरची पहिल्या पसंतीची मतं सुमारे ४५ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आली. जागा राखली, पण हजाराच्या आतल्या फरकाने. त्या दिवसांत पश्चिमेकडच्या रस्त्यांसाठी पैशाच्या घोषणा झाल्या, नेतेमंडळी वेरिबीच्या फेऱ्या मारू लागली. तुमच्या भागाची किंमत पक्षाच्या कार्यालयात इतकी क्वचितच वाढली असेल. आणि नेमक्या त्या दिवशी, आयुष्यात बहुधा सर्वात वजनदार ठरलं असतं ते मत तुम्ही कोरं टाकलंत!

रागाचं प्रदर्शन म्हणून टाकलंत, हे मला कळतं. पण ते वाचलं कुणी? मतमोजणीच्या टेबलावर कोऱ्या कागदाची रवानगी ‘इनफॉर्मल’, म्हणजे बाद मतांच्या, गठ्ठ्यात होते. चुकून दोन चौकोनांत एकच आकडा लिहिणाऱ्या आजोबांचा कागद, मिश्या काढलेलं चित्र असलेला कागद आणि तुमचा कागद, तिघेही शेजारी. त्या गठ्ठ्यातून ‘विंडम व्हेलचा एक बाप आईच्या व्हिसामुळे चिडलेला आहे’ हे कुणालाही काढता येत नाही.

भारतातून येताना आपण एक धारणा सोबत आणतो. न जिंकणाऱ्या उमेदवाराला दिलेलं मत वाया जातं, ही ती धारणा. भारतातल्या पद्धतीत ते बरंचसं खरं आहे. इथे १९१८ पासून पसंतीक्रमाची पद्धत आहे. हिरव्या मतपत्रिकेवर तुम्ही १ हा आकडा ज्या छोट्या पक्षाला किंवा अपक्षाला दिलात, तो बाद झाला की मत पूर्ण किमतीने तुमच्या दोन नंबरच्या चौकोनाकडे जातं, तिथून तीनकडे. म्हणजे मोठ्या पक्षाला शिक्षा आणि त्याहून नकोशा पक्षाला अटकाव ही दोन्ही कामं एकाच कागदावर होतात. शिवाय केंद्रीय निवडणुकीत चार टक्क्यांच्या वर मतं मिळवणाऱ्या उमेदवाराला पहिल्या पसंतीच्या प्रत्येक मतामागे सरकारी तिजोरीतून तीन डॉलरहून जास्त मिळतात. तुमचा ‘१’ म्हणजे चक्क देणगी आहे, तीही दुसऱ्याच्या पैशाने. नाराजी दाखवायचीच असेल तर तो आकडा हलवा. पक्षाचे लोक या आकड्याचा बूथवार अभ्यास करतात. बाहेर शाळेच्या अंगणात सॉसेज भाजणाऱ्यांच्या रांगेतून वाट काढताना जी माणसं ‘असं मत द्या’ची कार्डं हातात कोंबतात, ती कार्डं घ्या, पण आकडे आपले आपण लिहा.

आणि सुरक्षित मतदारसंघ म्हणजे कायमचा सुरक्षित, असंही नाही. पश्चिम सिडनीतला फाउलर मतदारसंघ घ्या. फेअरफिल्ड, कॅब्रामॅटा, घराघरात वेगळी भाषा, स्थापनेपासून लेबरचा. २०२२ मध्ये पक्षाने तिथे बाहेरून क्रिस्टिना किनिली यांना आणून उभं केलं. लोकांनी डाय ली यांना निवडलं, लहानपणी व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या अपक्ष उमेदवार. २०२५ मध्येही त्याच निवडून आल्या. विंडममध्ये असं घडेलच असं मी म्हणत नाही. तुमच्यासारखीच वस्ती असलेल्या भागात ते घडलं आहे, एवढं नक्की.

वहिनींच्या ‘पाहुणे’ या शब्दाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण हा शब्द मला इथल्या अनेक मराठी घरांतून ऐकू येतो. त्यामागे भीती आहे, संस्कारही आहे. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या आमटीला नावं ठेवू नयेत, हा. पण तुम्ही इथे कर भरता, शपथ घेतली आहे, ज्युरीवर बोलावलं तर जाणं तुम्हाला बंधनकारक आहे, मत दिलं नाही तर दंड होतो. पाहुण्याला कुणी दंड करत नाही.

शिवाय स्थलांतरितांचं कुणी ऐकत नाही, हा समज तुमच्याच विषयात टिकत नाही. पेरेंट व्हिसाचाच इतिहास बघा. २०१४ मध्ये पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या सरकारने कमी शुल्काचा पेरेंट व्हिसा बंदच केला होता. जूनमध्ये बंद झाला, आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने तो नियम रद्द करून दार पुन्हा उघडलं. २०१६ च्या निवडणुकीत आई-वडिलांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं आश्वासन दोन्ही बाजूंना द्यावंसं वाटलं, ते काही दयेपोटी नव्हे. शहरांच्या कडेच्या उपनगरांत भारतीय, चिनी मतदार वाढले होते आणि ते प्रत्येक सभेत हाच प्रश्न विचारत होते. त्यातून २०१९ मध्ये आई-वडिलांसाठीचा ८७० क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा आला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत लेबरने तो बराच स्वस्त करण्याचं आश्वासन दिलं, पण लेबर हरलं. पुढे २०२२-२३ पासून पेरेंट व्हिसाच्या वार्षिक जागा ४,५०० वरून ८,५०० झाल्या. हे सगळं पुरेसं नाहीच. पण ही हालचाल कुणीतरी बोललं म्हणून झाली.

आता कडू भाग. तुमच्या आईंच्या व्हिसाची रांग तुमच्या मताने, माझ्या सल्ल्याने किंवा खासदाराच्या पत्राने लहान होणार नाही. नव्याने अर्ज करणाऱ्यांना कॉन्ट्रिब्युटरी व्हिसासाठी बारा-पंधरा वर्षं आणि साध्या पेरेंट व्हिसासाठी तीस वर्षांच्या वर थांबावं लागेल, असाच सध्याचा अंदाज असतो. तुम्ही २०२१ मध्ये लागलात, म्हणजे मधे कुठेतरी आहात. डॉ. मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने स्थलांतर व्यवस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात स्पष्ट लिहिलं, की बहुधा कधीच न मिळणाऱ्या व्हिसासाठी अर्ज घेत राहणं क्रूर आणि अनावश्यक आहे. सरकारने नेमलेल्या समितीचे हे शब्द आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

समोरच्या बाजूचा हिशेबही माहीत असावा. २०१६ मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक सल्लागार संस्थेने, मांडलं, की एका पालकाचा उरलेल्या आयुष्यातला सरकारी खर्च सरासरी ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलर येतो. त्यापुढे कॉन्ट्रिब्युटरी व्हिसाचं सुमारे ४८,००० डॉलर शुल्क हा त्याचा लहानसा भाग. आजी घरात असल्याने आईला पूर्णवेळ नोकरी करता येते, चाइल्डकेअरची सबसिडी वाचते, हे त्या आकड्यात पुरेसं उतरत नाही असं माझं मत आहे. पण “आमच्या भावना” एवढंच घेऊन गेलात तर समोरचा हा आकडा काढणार. तयारी असू द्या.

आणि एक प्रश्न, जो तुमच्या पत्रात मला कुठेच सापडला नाही. आईंना इथे यायचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की त्या मागे दोनदा आल्या होत्या आणि “तीन महिन्यांनी कंटाळल्या”. गावात त्यांचं भजनी मंडळ आहे, दुपारी शेजारीण येऊन बसते, भाजीवाला हाक मारून जातो. विंडम व्हेलमध्ये सकाळी सातला तुम्ही दोघं बाहेर, मुलगी शाळेत, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी चालवता येत नसेल तर दुकानापर्यंत जाणंही दुसऱ्यावर. कदाचित त्यांना कायमचं यायचं नसेलच. कदाचित यायचं असेल, पण पुण्यातल्या लेकीला काय वाटेल म्हणून बोलत नसतील. पाच वर्षं तुम्ही त्यांच्या वतीने सरकारशी भांडताय. एकदा त्यांच्याशी निवांत बोला, आणि बहिणीलाही त्यात घ्या. आईंना हवा असलेला व्हिसा आणि तुमच्या अपराधी भावनेला हवा असलेला व्हिसा हे दोन वेगळे निघू शकतात.

त्या बोलण्यातून ‘काही महिने इथे, काही महिने तिथे’ असं निघालं, तर पर्याय आहेत. ८७० व्हिसा एका वेळी तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, एकूण दहा वर्षांपर्यंत. पाच वर्षांसाठी शुल्क दहा हजार डॉलरच्या वर, मेडिकेअर नाही, खासगी आरोग्य विमा लागतो, आणि आधी मुलाला प्रायोजक म्हणून मंजुरी घ्यावी लागते. साध्या व्हिजिटर व्हिसावर अनेकांच्या आई-वडिलांना बारा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण त्यावर ‘नो फर्दर स्टे’ची (इथे राहून पुढचा व्हिसा मागता न येण्याची) अट आहे का हे आधी बघा. रांगेतला जुना अर्ज आणि नवा व्हिसा यांचा मेळ कसा बसतो, याचे नियम बारीक आहेत. तिथे व्हॉट्सॲप ग्रुपचा सल्ला नको. नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडे जा आणि त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासूनच पैसे द्या. तुमचीही एक बाजू आहे. व्हिक्टोरियात एकाच मालकाकडे सात वर्षं झाली की लाँग सर्व्हिस लीव्ह, म्हणजे दीर्घ सेवेची पगारी रजा, घेता येते. तुमची ती कित्येक आठवडे साठलेली असणार. आपल्याकडचे लोक ती घराच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवतात. सांगलीला जाऊन राहा.

खासदाराला लिहायचं ते कसं? बहुतेक खासदारांचं मतदारसंघातलं कार्यालय एखाद्या दुकानांच्या ओळीत असतं, एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला फिश अँड चिप्स. आत दोन-तीन कर्मचारी असतात, आणि तुमचं काम तेच करतात. व्हिसाच्या अर्जाची स्थिती ते गृह खात्याकडे विचारू शकतात. रांगेत पुढे ढकलू शकत नाहीत. त्यांना रोज शेकडो ईमेल येतात, त्यातले बरेचसे एकाच साच्यातून काढलेले. म्हणून स्वतःच्या शब्दांत, छोटं लिहा. साधारण असं: “मी या मतदारसंघाचा मतदार आहे, हा माझा पत्ता. माझी ७६ वर्षांची आई भारतात एकटी राहते, तिचा अर्ज २०२१ पासून रांगेत आहे. सरकारच्याच २०२३ च्या आढाव्यात ही रांग क्रूर म्हटली आहे. त्यावर तुमची भूमिका काय, आणि ८७० व्हिसाचं शुल्क कमी करायला तुमचा पाठिंबा आहे का? लेखी उत्तराची वाट पाहतो.” बस. गाडी, वीज, डॉक्टर काहीही यात घालू नका. गाडीचं वेगळं पत्र तुमच्या राज्याच्या आमदाराला. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर फोन करून भेटीची वेळ मागा. गोलमोल उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. निवडणुकीत तुमच्या दारात येणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराला ते दाखवता येतं.

मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ती ओळ सर्वात खोल रुतलेली आहे. ३१ ऑगस्टच्या त्या मोर्चाच्या पत्रकात भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता, तेव्हा “नाही गं, आपल्याबद्दल नाही” म्हणू नका. ती पंधरा वर्षांची आहे, तिने ते फोनवर वाचलेलं आहे. जून २०२४ मध्ये भारतात जन्मलेले सुमारे नऊ लाख लोक ऑस्ट्रेलियात होते, इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांच्या खालोखाल. इतके लोक दिसणारच, आणि काहींना ते खुपणारच. काही मोर्चेकऱ्यांच्या मनात सरळसरळ द्वेष होता, आणि त्याला द्वेषच म्हणायचं. पण तिथे असेही लोक होते ज्यांना भाडं परवडत नाही, ज्यांच्या भागात गाड्या भरून येतात, ज्यांना डॉक्टर मिळत नाही. तुमच्या पत्रातली यादी आणि त्यांची यादी शेजारी ठेवून बघा. त्यांनीही सगळं एकाच ‘सरकार’च्या नावावर टाकलं, तो राग कुठेच पोचला नाही आणि वळून तुमच्या लेकीवर येऊन पडला. मोघम रागाचं हेच होतं, म्हणून मी तुमच्या मागे पत्त्याचा एवढा लकडा लावला आहे. मुलीला सोबत घेऊन ते ईमेल लिहा. ती १६ वर्षांची झाली की मतदार यादीत आगाऊ नाव नोंदवता येतं, १८ पूर्ण झाल्यावर ते आपोआप लागू होतं.

परत जाण्याबद्दल एवढंच. जायचं असेल तर आईंसाठी जा, नोकरीसाठी जा, मातीच्या ओढीने जा, सगळी कारणं मान्य. राजकारणाला कंटाळून मात्र जाऊ नका. तुमच्याकडे ओसीआय कार्ड असेल, त्यावर भारतात राहता येतं, मत देता येत नाही. इथे निदान चौकोनात आकडा तरी लिहिता येतो.

अजून नागरिकत्व न मिळालेल्या वाचकांसाठी: खासदाराचं कार्यालय पीआर किंवा तात्पुरत्या व्हिसावरच्या रहिवाशांचीही कामं बघतं, पासपोर्ट विचारून हाकलत नाही. प्रतिनिधीगृहाच्या संकेतस्थळावर ई-याचिका दाखल करायला किंवा तिच्यावर सही करायला ऑस्ट्रेलियाचे रहिवासी असणं पुरेसं आहे. ती चार आठवडे सह्यांसाठी खुली राहते, एक सही असली तरी सभागृहात मांडली जाते, आणि मंत्र्याने ९० दिवसांत उत्तर देणं अपेक्षित असतं. नवी लिहिण्याआधी त्याच विषयावरच्या जुन्या याचिका आणि त्यांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरं तिथेच वाचून घ्या. तुमचा पहिला मुद्दा कशाने खोडला जाणार आहे, ते आधीच कळेल.